टेम्पो ट्रॅव्हलरच्या पाण्याच्या टाकीला वास येतोय: क्लोरीन नेमका किती आणि कसा घालायचा?

दाजीपूर_वाट

मंडळी, नमस्कार. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्परव्हॅन आहे. पाण्याची टाकी मागच्या बाकाखाली, एलएलडीपीई प्लास्टिकची, आतल्या मापाने ११० लिटर. पुढे १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, किचनचा नळ, आत एक शॉवर, मागच्या दाराशी बाहेरचा शॉवर पॉइंट आणि ६ लिटरचा गिझर. टाकी भरायच्या तोंडावर १० इंची कार्बन फिल्टर आहे, म्हणजे आत जाणारं पाणी गाळूनच जातं.

गाडी एप्रिलपासून उभी, टाकीत तीसेक लिटर पाणी तसंच. आता पंप चालू केला की पहिली दोन मिनिटं डबक्यासारखा वास येतो. गरम नळाला वेगळाच, सडक्या अंड्यासारखा. नळाच्या तोंडाची जाळी आतून बुळबुळीत आहे.

टीसीएल पावडर (पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर) हाताशी आहे, ती चालेल का? किती टाकायची? कार्बन फिल्टर असूनही हे का झालं? आणि पाणी पिण्याजोगं झालं हे ओळखायचं कसं? पाऊस ओसरला की राधानगरी-दाजीपूरला चार दिवस जायचंय, तिकडे मिळेल ते पाणी भरावं लागेल.

---

उद्यमनगर_फिटिंग

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण घोळ तिथंच आहे. कार्बन पाण्यातला क्लोरीन खातो, त्याचं कामच ते. कोल्हापुरात नळाला येणारं पाणी पुईखडीहून किंवा दुसऱ्या शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घेऊन निघतं. तो थोडासा उरलेला क्लोरीनच टाकीतल्या पाण्याची राखण करतो. तुम्ही तो दारातच काढून घेतला आणि राखणदार नसलेलं पाणी बाकाखालच्या उबेत ठेवून दिलं. भरायच्या तोंडाला फक्त ५ मायक्रॉनची स्पन कॅन्डल ठेवा, गाळ अडवायला. कार्बन पंपाच्या पुढे, किचनच्या पिण्याच्या नळाआधी. क्लोरीनने टाकी आणि पाइप सांभाळायचे, कार्बनने ग्लासात पडताना वास काढायचा. हा क्रम उलटा झाला की दोन्ही वाया.

आता धुलाई. बुळबुळीत थरावर क्लोरीन ओतला तर वरचा पापुद्रा मरतो, खालचे जंतू जिवंत राहतात आणि आठवड्यात परत येतात. म्हणून आधी घासणं, मग औषध. टाकी पूर्ण रिकामी करा. ड्रेन कॉकच्या विरुद्ध बाजूची दोन्ही चाकं फळीवर चढवा, नाहीतर तळाशी दोन-तीन लिटर राहतंच. हात जात असेल तर मऊ ब्रश आणि भांड्यांच्या बिनवासाच्या लिक्विडचे चार थेंब. तारेची घासणी नको, प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि पुढचा थर त्या ओरखड्यांतच बसतो. फेस जाईपर्यंत धुवा.

स्पन, कार्बन, दोन्ही कॅन्डल हाऊसिंगमधून काढा आणि रिकामी हाऊसिंग परत बसवा. सगळ्या नळांच्या तोंडच्या जाळ्या काढून ठेवा. हे विसरलात तर पाइपातून सुटलेले काळे पापुद्रे जाळीत अडकतात, धार बंद होते आणि लोक पंपाला शिव्या देतात.

मात्रा: टाकी ११०, गिझर ६, पाइप आणि फिल्टरची भांडी चारेक लिटर, म्हणजे १२० लिटर. आपल्याला हवं ५० पीपीएम, म्हणजे लिटरला ५० मिलीग्रॅम क्लोरीन. १२० गुणिले ५० म्हणजे ६००० मिलीग्रॅम, ६ ग्रॅम. ५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (बाटलीत मिळणारा द्रव क्लोरीन) १०० मिलीला ५ ग्रॅम क्लोरीन असतो, म्हणून १२० मिली. बाटली १० टक्क्यांची असेल तर ६० मिली. टक्केवारी न वाचता 'एक कप टाका' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

टाकी निम्मी भरा. हायपोक्लोराइट बादलीभर पाण्यात मिसळून मग टाकीत ओता (नुसतं ओतलं तर तळाशी एका जागी बसतं), आणि टाकी काठोकाठ भरा, झाकणाच्या गळ्यापर्यंत. वरची भिंतही भिजायला हवी, शेवाळ तिथंच जास्त धरतं. आता एकेक नळ उघडायचा, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा, बंद करायचा. थंड, गरम, आतला शॉवर आणि बाहेरचा शॉवर. बाहेरचा हमखास विसरतो. तो पाइप वापरात नसतो, पाणी आत मुरत पडलेलं असतं आणि तिथूनच सगळ्या लाइनला परत लागण होते. टॉयलेटच्या फ्लशला हीच टाकी असेल तर तोही. पाइपात गेलेलं पाणी टाकीत पुन्हा भरून घ्या.

चार तास तसंच ठेवा. मध्ये पाच-सहा किलोमीटर गाडी फिरवली तर उत्तम, हिंदकळल्याने कोपरे धुतले जातात. घाईत १०० पीपीएम आणि एक तास असंही करतात, पण तुमच्याकडे थर बसलाय, त्याला वेळच हवा. नंतर सगळं सोडून द्या, दोनदा ताजं पाणी भरून प्रत्येक नळातून काढा. वास राहिला तर तिसऱ्यांदा. हे पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा रानात सोडायचं नाही. गटारात सोडा, नाहीतर उघड्या टबात दिवसभर उन्हात ठेवा, क्लोरीन उडून जातो.

---

लक्ष्मीपुरी_केमिस्ट

टीसीएलबद्दल. चालते, पण तुमच्या पंपासाठी दुसऱ्या क्रमांकाची निवड. टीसीएल म्हणजे चुन्यात धरून ठेवलेला क्लोरीन. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तुम्हाला १८ ग्रॅम लागेल. पुडी उघडी राहिली, दमट झाली, ढेकळं धरली की ताकद निम्म्यावर येऊ शकते. आणि चुना विरघळत नाही. तसाच ओतला तर पांढरा गाळ पंपाच्या जाळीत आणि व्हॉल्व्हच्या रबरात बसतो, पंप गप्प बसत नाही, नळ बंद असतानाही टकटकत राहतो. वापरायचीच असेल तर प्लास्टिकच्या बादलीत दहा लिटर पाण्यात कालवा, अर्धा तास स्थिर ठेवा आणि वरची निवळ तेवढी घ्या. खालचा चुना टाकून द्या.

द्रव हायपोक्लोराइट घेताना पॅकिंगची तारीख बघा. दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेली बाटली घेऊ नका, ऊन आणि उष्णतेने ते आपोआप कमजोर होत जातं. कपड्यांचं सुगंधी किंवा फेसाळ ब्लीच पाण्याच्या टाकीत कदापि नको.

दुकानात नुसतं 'हायपो द्या' म्हणू नका. जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणायचे ते सोडियम थायोसल्फेट. ते क्लोरीन मारतं. दोन्ही पांढऱ्या बाटल्यांत येतात, काम नेमकं उलटं.

आणि एक ठळक सूचना. गिझरचा खार काढायला लोक व्हिनेगर किंवा लिंबूसत्व वापरतात. हायपोक्लोराइट किंवा टीसीएलमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि व्हॅनच्या बंद डब्यात तो छातीवर बसतो. टॉयलेट क्लीनरचंही तेच. खार काढायचा तर तो आदल्या दिवशी, भरपूर धुऊन, मग क्लोरीन.

---

पन्हाळा_पॉइंट

एवढा खटाटोप कशाला? घरगुती आरओ बसवा, विषय संपला.

---

उद्यमनगर_फिटिंग

भावा, आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर गटारात घालवतो. ११० लिटरच्या टाकीवर आंघोळ, भांडी सांभाळून त्याला पाणी कुठून द्यायचं? शिवाय त्याचा पडदा क्लोरीनने खराब होतो, आणि टाकी-पाइपातला थर आरओच्या अलीकडेच राहतो. दात घासायला, भाजी धुवायला तेच पाणी. शिरोळच्या बाजूचं खारं बोअर रोज भरणार असाल तर गोष्ट वेगळी.

---

दाजीपूर_वाट

धन्यवाद, हिशेब आता डोक्यात बसला. दोन अडचणी. टाकीला हात घालायला झाकणच नाही, फक्त दीड इंची भरायचं तोंड. आणि हायपोक्लोराइट मिळालं ते ५ टक्क्यांचं, पण पॅकिंग आठ महिन्यांपूर्वीचं. शिवाय गरम नळाच्या अंड्याच्या वासाचं काय?

---

उद्यमनगर_फिटिंग

झाकण बसवून घ्या. बोटीत वापरतात तसं ६ इंची आटेदार तपासणी झाकण मिळतं, रबरी रिंगसह. टाकीच्या वरच्या सपाट भागावर होल-सॉने भोक पाडायचं, बुरादा व्हॅक्यूमने काढायचा, स्टीलचे स्क्रू आणि फूड-ग्रेड सीलंट. भोक पाडण्याआधी टाकी काढून बाहेर घ्या, कारण प्लास्टिकचा एक कीस जरी पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये गेला तरी दाब धरत नाही. तोवर पर्याय एवढाच: टाकी पाव भरून, थोडं लिक्विड टाकून गाडी गगनबावड्याच्या घाटात वर-खाली फिरवायची आणि लगेच चढावर उभी करून सोडायची. घासण्याची सर येत नाही, पण सुटा गाळ जातो.

गिझरचं कारण बहुधा मॅग्नेशियमचा रॉड. टाकीला गंज लागू नये म्हणून तो आत असतो. पाणी पडून राहिलं की विशिष्ट जंतू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात, मॅग्नेशियमच्या रॉडमुळे ते आणखी जोरात होतं. तोच तो वास. गिझर बंद करून थंड होऊ द्या, खालचा ड्रेन स्क्रू काढून रिकामा करा, रॉड काढून बघा. पेन्सिलीएवढा बारीक झाला असेल तर बदला. क्लोरीनचं पाणी गिझरमधूनही जाऊ द्या, पण गिझर बंद असताना. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतो आणि धातूला जास्त खातो. सगळं धुऊन झाल्यावर गरम नळातून सलग धार येईपर्यंत स्विच लावायचा नाही, कोरड्या कॉइलचा मिनिटात निकाल लागतो. पुढे महिन्यातून एकदा पाणी ६० अंशांच्या वर तापवून गरम नळ सोडा. २० ते ४५ अंशांत लेजिओनेला जंतू सुखाने वाढतो आणि शॉवरच्या तुषारातून छातीत जातो. कोमट गिझर म्हणजे त्याला आवताणच.

पंपाची जाळीही उघडा. पारदर्शक वाटी फिरवून निघते, आत स्टीलची जाळी असते. परत लावताना ओ-रिंग नीट बसली नाही तर पंप हवा ओढतो, आवाज करतो आणि पाणी येत नाही. मग लोक नवा पंप आणतात.

व्हेंट आणि ओव्हरफ्लोचे पाइपही बघा. बहुतेक जण त्यांची तोंडं गाडीखाली उघडी सोडतात. ऊसतोडीच्या दिवसांत चाकं जी माती उडवतात ती, झुरळं, कधीकधी पालही तिथून आत. स्टीलची बारीक जाळी क्लिपने बांधा. आणि तुमचा भरायचा पाइप पारदर्शक बागेचा असेल तर काढून टाका. उजेडाने आत शेवाळ धरतं आणि प्लास्टिकची चव येते. फूड-ग्रेड अपारदर्शक पाइप, दोन्ही टोकांना झाकण, आणि टॉयलेटच्या कॅसेटला (मैल्याच्या काढत्या टाकीला) लावायचा पाइप वेगळा, वेगळ्या रंगाचा, वेगळ्या पेटीत. एकच माणूस दोन्ही कामं करणार असेल तर पाणी आधी, कॅसेट नंतर.

---

पाणी_तपासनीस

आठ महिन्यांच्या बाटलीचा अंदाज करत बसू नका, मोजा. ग्रामपंचायतीत पाण्यातला क्लोरीन मोजायला वापरतात ती ओटी टेस्टची बाटली घ्या. एरवी नळाचं पाणी नळीत घेऊन थेंब टाकतात आणि पिवळा रंग तक्त्याशी जुळवतात. पण ५० पीपीएमला ओटी थेट लालसर होते, काही कळत नाही. म्हणून पातळ करायचं. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात क्लोरीन नसतो. सिरिंजने टाकीतलं १ मिली आणि हे ४९ मिली, हलवा, त्यावर टेस्ट. तक्त्यावर १ आलं तर टाकीत ५०. ०.५ आलं तर बाटली निम्मी मेलेली आहे, तेवढंच आणखी घाला.

हीच चाचणी चार तासांनी पुन्हा, सगळ्यात लांबच्या नळावर. तुमच्याकडे तो बाहेरचा शॉवर. ५० चं २० वर आलं असेल तर उरलेला क्लोरीन थराने खाल्ला, पाइप अजून घाण आहेत. सोडून द्या आणि पुन्हा मात्रा. ४० च्या आसपास टिकला तर काम झालं. ओटीचं रसायन अंगाला चांगलं नाही, नमुना सिंकमध्ये ओतायचा, हात धुवायचे आणि ते पाणी चुकूनही प्यायचं नाही. क्लोरीन मोजायच्या डीपीडीच्या गोळ्या मिळाल्या तर त्या जास्त बऱ्या.

धुऊन, ताजं पाणी भरल्यावर रोजची गोष्ट. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, उरलेला मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम, आणि विषाणूंचा धोका असेल तिथे किमान ०.५. तुम्ही ०.५ धरा. अनोळखी विहीर, बोअर किंवा टँकरचं पाणी भरताना लिटरला २ मिलीग्रॅम घाला. ११० लिटरला ताजं ५ टक्के हायपोक्लोराइट साडेचार मिली, ५ मिलीच्या सिरिंजने. किंवा २० लिटरसाठीच्या क्लोरीनच्या गोळ्या, साडेपाच. अर्धा तास थांबा आणि कार्बन नसलेल्या नळावर मोजा. ०.५ पेक्षा कमी आलं तर पुन्हा एक मिली. पाणी जितकं घाण तितकं क्लोरीन जास्त खातं, म्हणून मात्रा ठरलेली नसते, उरलेला आकडा ठरलेला असतो.

राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा पट्ट्यात पाऊस ओसरतानाही झऱ्याचं पाणी तांबडं येतं. त्यात क्लोरीन घालून उपयोग नाही, मातीच्या कणांआड जंतू लपतात. ग्लासातून वर्तमानपत्राची अक्षरं नीट वाचता येत नसतील तर टाकीत भरूच नका. वेगळ्या २० लिटर कॅनमध्ये अर्धा ते एक ग्रॅम तुरटी विरघळवा, चांगलं ढवळा, तास-दोन तास निवळू द्या. वरचं पाणी हळूच काढून मग क्लोरीन. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही जंतू क्लोरीनला दाद देत नाहीत, म्हणून गुरं उतरतात अशा पाणवठ्याचं पाणी पिण्यासाठी उकळाच, खळखळ एक मिनिट. आंघोळ-भांड्यांना निवळ-क्लोरीन पुरे.

एक चाचणी आणखी सांगतो, स्वस्त आहे. एच-टू-एसची बाटली. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायची. काळी पडली तर विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. ही चाचणी टाकी भरण्याआधी त्या स्रोताच्या पाण्याची करा, क्लोरीन घातल्यावर नव्हे, नाहीतर खोटा दिलासा मिळतो. पूर येऊन गेलेल्या गावातली विहीर असेल तर बाटली काळी पडो न पडो, क्लोरीनशिवाय पाणी घ्यायचं नाही. २०१२ ला इचलकरंजीत पसरलेली कावीळ, हेपटायटिस ई, पाण्यातूनच आली होती. स्वच्छ दिसणारं पाणी आणि स्वच्छ पाणी यांच्यात एवढं अंतर असू शकतं.

---

शिरोली_गॅरेज

टाकीबद्दल एकच. एमआयडीसीतून स्वस्तात मिळणारे निळे केमिकलचे ड्रम धुऊन पाण्याला वापरणारे बरेच आहेत. प्लास्टिक आतलं रसायन शोषून घेतं आणि नंतर पाण्यात सोडत राहतं. कितीही क्लोरीन घाला, तो त्याचा इलाज नाही. आणि स्टीलची टाकी असणाऱ्यांनी ५० पीपीएमचं पाणी चार तासांवर ठेवायचं नाही, रात्रभर तर नाहीच. वेल्डिंगच्या शिवणीवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि वर्षभरात तिथून पाझर सुरू होतो.

---

दाजीपूर_वाट

छान. कार्बन पंपाच्या पुढे घेतोय, भरायच्या तोंडाला स्पन. कॅन्डल किती दिवसांनी बदलू? आणि परत दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवू की रिकामी?

---

उद्यमनगर_फिटिंग

रिकामी. आठवड्याच्या वर गाडी उभी राहणार असेल तर सगळं पाणी काढा. ड्रेन कॉक आणि सगळे नळ उघडे, गिझर रिकामा, आणि पंप दहा-पंधरा सेकंद कोरडा चालवून आतलं पाणी बाहेर. तपासणी झाकण सैल सोडा, त्यावर मच्छरदाणीचा तुकडा बांधा, आतली हवा खेळली पाहिजे. दोन्ही कॅन्डल काढून फेकून द्या. ओली कॅन्डल दोन महिने बंद भांड्यात राहिली की तीच घाणीचं घर होते. वापरात असताना स्पन पांढऱ्याची तांबूस झाली किंवा धार मंदावली की बदला. कार्बनला रंगाचा इशारा नसतो, म्हणून सहा महिने, किंवा त्याआधी किचनच्या नळाला क्लोरीनचा वास येऊ लागला की तेव्हा. हाऊसिंगवर तारीख मार्करने लिहून ठेवा.

परत निघायच्या आदल्या दिवशी वरचाच ५० पीपीएमचा धडा एकदा. थर नसेल तर घासणं वाचतं, चार तास तेवढे ठेवायचे. भरायच्या तोंडाच्या झाकणाचा वायसरही बघून घ्या, कडक होऊन चिरला असेल तर दोन-चार रुपयांचा नवा टाका, पावसाचं पाणी तिथूनच झिरपतं.